किती होतील?

काम समजून घेतलेलं असतं. जुने नमुने दाखवून झालेले असतात, समोरच्याला ते पसंतही पडलेले असतात. चहा येऊन जातो. मग तो माणूस सहज विचारतो, "बरं, तुमचे किती होतील?" आणि घशाला कोरड पडते. घरून ठरवून आणलेला आकडा ओठांपर्यंत येईस्तोवर त्यातले दोन-तीन हजार गळून पडलेले असतात. उरलेल्यालाही "म्हणजे बघा, कमी-जास्त करू" असं शेपूट लागतं. समोरच्यानं अजून तोंडसुद्धा उघडलेलं नसतं.

मी सांगलीत पाकिटं, लेबलं आणि खोकी डिझाइन करते. हळद, बेदाणा, मसाले, गूळ, पापड. पुण्यात एजन्सीत नोकरी होती तेव्हा हा प्रश्न माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही. पैशाचं बोलायला तिथं वेगळी माणसं होती, आणि आम्ही आमच्या रंगांत गुंग. विश्रामबागेतल्या घरी एका खोलीत स्वतःचं काम मांडलं, तेव्हा कळलं की डिझाइन करणं आणि त्याची किंमत सांगणं ही दोन निराळी कामं आहेत. दुसरं आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. माझ्या ओळखीत लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारा आहे, मुद्रितं तपासणारी आहे, घरून दुकानांचे हिशेब लिहिणारी आहे, तबल्याच्या साथीला जाणारा आहे. कामात एकेक जण वस्ताद. दराचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचा आवाज सारखाच बारीक होतो. त्यामुळे हा कुणा एकाच्या स्वभावाचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. आपण तसे घडलोय, आणि कसे घडलो ते मला माझ्या घरातच बघायला मिळालं.

माझी आई भाजीला निघाली की तिच्यासोबत जाणं हा बघण्यासारखा कार्यक्रम असतो. "कोथिंबीर कशी दिली?" "वीसला पेंडी." "पंधराला दे, नाहीतर राहू दे." एवढं बोलून ती खरोखरच पुढं चालू लागते. मागून हाक येते. आई वळते, पेंडी उलटीपालटी करून बघते, पिवळी पानं दाखवते, आणि पंधरा रुपये देऊन वर चार मिरच्या पिशवीत टाकून घेते. दोघीही हसत असतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच भाजीवाली, तीच पेंडी.

याच आईनं वर्षानुवर्षं घरी शिवणकाम केलं. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, मुलींची परकर-पोलकी, साड्यांना फॉल-पिको. तिच्या हातचा अस्तराचा ब्लाउज म्हणजे गळ्याची पायपिन एकसारखी, काखेत एक चुणी यायची नाही. ब्लाउज घालून आरशात बघून बाई खूश व्हायची आणि विचारायची, "वहिनी, किती द्यायचे?" आई म्हणायची, "द्या हो काय द्यायचे ते. तुम्ही काय परक्या आहात का?" मग त्या बाईच्या मनाला येईल ते हातावर पडायचं. कधी "राहिलेले पुढच्या वेळी देते" व्हायचं, कधी संक्रांतीला त्या हिशेबात एक ब्लाउजपीस यायचा. कोपऱ्यावरचा टेलर तसल्याच ब्लाउजचे दुप्पट घ्यायचा आणि त्याच बायका त्याला मुकाट्यानं मोजून द्यायच्या. त्याच्या भिंतीवर दरपत्रक टांगलेलं होतं.

एकदा मी तिला विचारलं, "कोथिंबिरीला पाच रुपयांसाठी पाठ फिरवतेस, मग शिलाईचं का बोलत नाहीस?" ती मशीनच्या चाकावर हात ठेवून जरा थांबली. म्हणाली, "कोथिंबीर काय माझी नव्हे. शिलाई माझी आहे. तिनं 'एवढे कशाला' म्हटलं, तर मलाच म्हटल्यागत होतं."

मला वाटतं, सगळी गोम इथंच आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा भाव करताना आपण त्या वस्तूबद्दल बोलत असतो. आपल्या कामाचा भाव सांगताना मात्र आपण स्वतःलाच तागडीत घालतोय असं वाटतं. त्यात गाव लहान. गिऱ्हाईक म्हणजे मामांच्या वर्गातला कुणीतरी, नाहीतर मैत्रिणीचा दीर. आकडा जास्त वाटला तर तो आपल्याकडून काम करून घेणार नाही एवढंच होत नाही. तो घरी जाऊन "फार वर गेलीय ती" असं म्हणेल, आणि ते फिरून आपल्या कानावर येईल. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही भीती सांगून कळत नाही.

आणि हे सगळं कुठं, तर सांगलीत! ज्या गावाचं पोटच भाव ठरवण्यावर भरतं, तिथं. हंगामात मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा एकदा जाऊन उभं राहावं. पोत्यांची तोंडं उघडून माल समोर ओतलेला असतो. अडत्या, खरेदीदार, हमाल, सगळ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकत असतो. कुणी राजापुरी हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, नखानं खरवडतो. क्विंटलचा भाव सगळ्यांदेखत पुकारला जातो, चढतो, थांबतो. ज्याची हळद आहे तो शेतकरी तिथंच बाजूला उभा असतो. भाव कमी निघाला तर त्याचं तोंड उतरतं, कधी तो माल द्यायला नकारही देतो. पण त्या शेतकऱ्याच्या माणूसपणाची किंमत कुणी करत नाही. जे काही बोललं जातं ते ढिगाबद्दल. ढीग समोर पडलेला आहे, ज्याला शंका आहे त्यानं हळकुंड मोडून बघावं.

पूर्वी भाव करायची दुसरीही रीत होती. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची आणि बोटांच्या खुणेनं आकडा सांगायचा. जनावरांच्या बाजारात ती अजून बघायला मिळते. खरेदी-विक्री करणाऱ्या दोघांखेरीज तिसऱ्याला काही कळत नाही, आणि ज्याच्यासाठी दलाल बोट धरतोय त्या मालकालाही कित्येकदा कळत नाही. शेतमालाचे सौदे बाजार समितीच्या आवारात उघड लिलावानं झाले पाहिजेत, असा नियम याच लपवाछपवीमुळं आला. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. मालाला रास्त भाव मिळायचा तर आधी तो उघड्यावर बोलला गेला पाहिजे, हे शेतमालाच्या बाबतीत आपण साठ वर्षांपूर्वीच मान्य केलंय. फ्रीलान्स काम करणारे आम्ही अजून रुमालाखालीच आहोत. शेजारची डिझायनर काय घेते ते मला माहीत नसतं, मी काय घेते ते तिला माहीत नसतं, आणि गिऱ्हाइकाला मात्र दोघींचेही दर माहीत असतात.

माझी अडचण अशी की मी विकते त्याचा ढीग समोर ओतता येत नाही. गिऱ्हाइकाला दिसतं ते एक चित्र. म्हणून तो म्हणतो, "ताई, दोन तासांचं तर काम." तो मुद्दाम कमी लेखत नसतो, त्याला खरंच तेवढंच दिसत असतं. म्हणून मी सगळ्यात आधी काम उघड करून दाखवायला लागले.

हळदीचं दोनशे ग्रॅमचं एक पाकीट घ्या. समोर नाव, चित्र, रंग, हे सगळ्यांना दिसतं. पण त्यावर चौदा अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक लागतो. शाकाहारी असल्याचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका लागतो, आणि त्याचं माप पाकिटाच्या दर्शनी भागाच्या आकारावर ठरतं. निव्वळ वजनाच्या अक्षरांची उंची नियमानं ठरलेली. किंमत, बॅच नंबर, तारीख यांना मोकळी जागा सोडायची, कारण ते नंतर मशीनवर छापले जातात. पोषणमूल्यांचा तक्ता द्यायचा असेल तर त्याचीही जागा. कडांना जिथं पाकीट गरम करून चिकटवतात तिथं एकही अक्षर जाता कामा नये. मशीननं पाकीट नेमकं कुठं कापायचं हे ओळखावं म्हणून कडेला गडद पट्टीची खूण द्यावी लागते. बारकोडची तर वेगळीच गंमत. हळदीचं पाकीट म्हणून बारकोड केशरी-लाल रंगात शोभून दिसेल असं कुणालाही वाटतं. पण स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा दिसतच नाहीत. दुकानात पाकीट वाचलं गेलं नाही की सगळा माल परत येतो. शिवाय मोठ्या संख्येनं पाकिटं छापायची तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, कोरून घ्यावा लागतो. एक आकडा चुकला तरी सिलिंडर पुन्हा करायचा, तो खर्च वेगळाच.

हे सगळं मी आता कोटेशनमध्ये ओळीनं लिहिते. कुठल्या मापाची किती पाकिटं, सुरुवातीला किती नमुने दाखवणार, दुरुस्त्या किती वेळा, छापखान्याशी बोलून फाइल तपासून देणार की नाही, मूळ फाइल देणार की फक्त छपाईची. प्रत्येक ओळीसमोर रक्कम. कागदावर हे आलं की बोलणं आपोआप कागदाबद्दल होतं. माझ्यापुरता तरी सगळ्यात मोठा फरक यानंच पडला.

आकडा येतो कुठून, तेही सांगते. "बाजारात काय चाललंय" असं विचारत फिरण्यापेक्षा स्वतःचा हिशेब आधी करावा. समजा घर आणि काम धरून महिन्याला साठ हजार लागतात. यात सॉफ्टवेअरचं भाडं, इंटरनेट, इन्व्हर्टर, छापखान्याच्या फेऱ्या आणि कधीतरी नवा संगणक घ्यावा लागणार म्हणून बाजूला टाकायचे पैसे, सगळं धरायचं. महिन्यात पंचवीस दिवस काम. पण दिवसाचे आठ तास कुणी आपल्याला देत नाही. फोन, भेटी, कोटेशन, वसुली, शिकणं यात निम्मे जातात. पैसे मिळतात ते चार तासांचे. म्हणजे महिन्याला शंभर तास, तासाला सहाशे रुपये. तीन मापांच्या पाकिटांना तीस तास लागणार असतील तर अठरा हजार. हा आकडा कुणाच्या मेहेरबानीचा नाही, तो गुणाकार आहे. घाबरलेल्या माणसाला गुणाकाराचा फार आधार असतो. आवाज कापला तरी उत्तर तेच राहतं.

पहिला आकडा कुणी बोलायचा, यावर बरेच वाद आहेत. आपल्याकडची शिकवण अशी की समोरच्याला बोलू द्यावं. मला ते पटत नाही. १९७४ मध्ये टव्हर्स्की आणि कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते मुद्दाम असं केलेलं की १० वर नाहीतर ६५ वरच थांबावं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नाही. तरीही ज्यांनी १० बघितला त्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ज्यांनी ६५ बघितला त्यांचा ४५. एका निरर्थक आकड्यानं अंदाज एवढे ओढले जातात. मग "ताई, पाच-सहा हजारांत बसवा की" हा तर अर्थ असलेला, प्रेमानं बोललेला आकडा. तो एकदा हवेत सुटला की आपले अठरा आपल्यालाच जास्त वाटायला लागतात. म्हणून बजेट विचारावं, ते जरूर विचारावं, पण आपला कागद तयार ठेवून. समोरच्यानं पाच म्हटलं तर सहा-सात करत वर चढायचं नाही. आपला कागद पुढं ठेवायचा आणि तिथून बोलायचं.

ज्यांना तोंडावर बोलणं जडच जातं त्यांनी फोनवर आकडा देऊच नये. "काम नीट बघून संध्याकाळपर्यंत लिहून पाठवते" एवढं एक वाक्य पाठ असलं तरी पुरतं. मी आजवर कुणाला याचा राग आलेला बघितला नाही. उलट लिहून येतंय म्हटल्यावर माणूस जरा सावरून बसतो.

पण सांगलीत लिहून पाठवलं तरी शेवटी बोलावणं येतंच. "या की एकदा, समोरासमोर बोलू." गेल्या हंगामाआधी अशीच एका हळद व्यापाऱ्याकडे गेले होते. दुकानाच्या माडीवर ऑफिस, जिन्यापासूनच हळदीचा वास, मुनीमजींच्या बाहीलाही पिवळसर झाक. काकांनी माझा कागद चष्मा वर करून वाचला.

"अठरा?"

मी "हो" म्हटलं आणि गप्प बसले.

हे गप्प बसणं फार अवघड असतं. पंख्याचा आवाज येत होता. मुनीमजी कॅल्क्युलेटर बडवत होते. जीभ शिवशिवत होती की म्हणावं, "नाही, म्हणजे तुमच्यासाठी बघू काहीतरी." मी टेबलावरच्या जुन्या पाकिटाकडे बघत राहिले. त्यावर वजन इतक्या बारीक अक्षरात होतं की मला ते तिथूनही खटकत होतं. तेवढ्यावर मन ठेवलं.

काकाच बोलले. "पुतण्याचा मित्र मोबाइलवर करून देतो म्हणतोय. फुकटात."

"देईल की. फक्त छापखान्याला फाइल चालते का, ते सिलिंडर टाकायच्या आधी विचारून घ्या."

ते हसले. "बारात बसवा."

"बारात बसतं काका. मग एकच माप, एकच नमुना, आणि दुरुस्ती एकदा. कागदावर तसं करून देते."

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला, ओळीवर बोट फिरवत खाली आले. "आणि ते जीआयचं चिन्ह टाकायचं सांगितलेलं, ते कुठंय?"

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं. पण ते चिन्ह वापरायचा हक्क नोंदणी करून अधिकृत वापरकर्ता झालेल्यालाच असतो. हळद सांगलीची आहे म्हणून कुणीही छापायचं नसतं. हे मी त्यांना सांगितलं, त्यांची नोंदणी झाली की चिन्ह बसवायला जागा आधीच सोडून ठेवते असंही म्हटलं. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक किलोचं पुढच्या सालाला करू. दोनशे आणि पाचशेचं आता घ्या. सोळा."

एक माप कमी झालं होतं, दोन हजार कमी झाले. मी सोळा लिहून सही घेतली.

मी धरून ठेवलेली गोष्ट एवढीच: पैसे कमी होतील तर कामही त्या मापात कमी होईल. काम तेवढंच ठेवून नुसते पैसे खाली आणले, तर पहिला आकडा फुगवलेला होता अशीच समोरच्याची समजूत होते. पुढच्या वेळी तो सुरुवातच अर्ध्यावरून करतो. त्यात त्याचाही दोष नाही.

हे सगळं करायला एक गोष्ट मात्र लागते, आणि ती बोलण्याच्या कौशल्याची नाही. ती म्हणजे थांबता येणं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले खड्डे, वरून तोंड बंद, आत हवा नाही. हळद त्यात वर्षानुवर्षं न किडता राहायची. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरायचा नाही, कारण आत प्राणवायूच नसायचा. भाव पडलेला असेल तर माल पेवात जायचा आणि भाव सुधारला की वर यायचा. ज्याचा माल पेवात होता त्याला आजच विकायची सक्ती नव्हती, म्हणून त्याला नाही म्हणता यायचं. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवं पाण्यानं भरली, माल कुजला, आणि ती गेली ती गेलीच.

फ्रीलान्स करणाऱ्याचं पेव म्हणजे बँकेतली चार-सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम. ती असली की आवाज निराळाच येतो, आणि समोरच्याला तो ऐकू येतो. ज्याच्या घरचा हप्ता या कामावर अडलाय त्याला "आकडा बोलून शांत राहा" हा सल्ला देणं क्रूरपणा आहे. त्यानं मिळेल ते काम मिळेल त्या पैशात घ्यावं, त्यात काहीही कमीपणा नाही. फक्त आलेल्या प्रत्येक रकमेतून थोडं का होईना, पेवात टाकत राहावं.

ठरलेले पैसे हातात येणं हे पुन्हा वेगळं प्रकरण. भाव ठरवताना घाम फुटलेला माणूस वसुलीच्या फोनला तर आणखी घाबरतो. यासाठी सुरुवातीलाच निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि छपाईची अंतिम फाइल उरलेले पैसे आल्यावर द्यावी. हे बोलताना मला आता काही वाटत नाही, कारण तेही कागदावर छापलेलं असतं. कागदाच्या तळाशी मी माझा उद्यम नोंदणी क्रमांक देते. ही नोंदणी ऑनलाइन, फुकट, आधारवर होते. एकट्यानं घरातून काम करणाऱ्यालाही सूक्ष्म उद्योग म्हणून ती करता येते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे लेखी कराराप्रमाणे, पण कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. तरीही मोठ्या कंपन्या ढिम्म असायच्या. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराची तरतूद बदलली. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा करता येतो. तेव्हापासून मार्चमध्ये कंपन्यांच्या अकाउंट्समधून आपणहून फोन येतात, "मॅडम, तुमचा उद्यम नंबर आहे का?" मला कधी व्याज मागायची वेळ आली नाही. पण तो क्रमांक तिथं असला की "बघू, पुढच्या महिन्यात" हे ऐकताना मी ओशाळत नाही. एका ठिकाणचे पैसे तरीही बुडाले. ती माणसं फोन उचलत नाहीत, तो विषय मी सोडून दिला.

आणखी एक आक्षेप मला वारंवार ऐकू येतो, तोही चांगल्या माणसांकडून. कलेचा काय भाव करायचा? तुम्ही कलाकार माणसं, पैशाचं बोलता ते बरं दिसत नाही. या गावात तरी हे कुणी म्हणू नये. मराठी रंगभूमीची सुरुवात सांगलीतच झाली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं खेळ केला. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रयही संपला. भाव्यांपुढं माणसं होती, सोंगं होती, कर्तब होतं, आणि पोशिंदा नव्हता. ते मंडळी घेऊन बाहेर पडले, आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तिकीट म्हणजे काय, तर पडदा उघडायच्या आधी सगळ्यांना दिसेल असा सांगितलेला भाव. नाटक त्यानं हलकं झालं नाही, गावोगावी पोचलं. दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तेव्हा त्या तिकिटालाही थोडा मान द्यायला हवा.

फुकट काम करू नये असं माझं म्हणणं नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायक-वादक येऊन हजेरी लावतात. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, त्यांच्या आठवणीनं आजही लांबून लांबून कलावंत येतात आणि सेवा म्हणून गातात. तिथं बिदागीचा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही, कारण ते देणं त्यांनी स्वतः निवडलेलं असतं. मीसुद्धा आमच्या भागातल्या वाचनालयाची पत्रकं पैसे न घेता करते आणि आनंदानं करते. पण "तुमचं काय, घरचंच आहे" म्हणून हातातून काढून घेतलेलं काम आणि मनापासून दिलेलं काम यांत फरक आहे, आणि तो कामात उतरतो. घरचं म्हणून केलेल्या कामाचंही मी आता बिल करते. पूर्ण रक्कम लिहिते, खाली सूट लिहिते, आणि शून्य आलं तर शून्य. मामेभावाच्या गुळाच्या लेबलाचं असं बिल मामींनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, एवढं असतं होय यात?" भांडण वगैरे काही झालं नाही. दिवाळीत पाच किलोची गुळाची ढेप आली.

माझ्याकडे काही दिवस काम शिकायला येणारी तासगावची एक मुलगी आता स्वतंत्र काम करते. बोटं माझ्यापेक्षा चलाख, अक्षरांची जाण उत्तम. परवा तिला बेदाण्याच्या खोक्यांचं पहिलं मोठं काम विचारायला आलं. रात्री तिचा मेसेज, "ताई, किती सांगू? मला पोटात कसंतरी होतंय." मी आकडा सांगितला नाही, तास विचारले. तिनं एकेक करून लिहिले, गुणाकार केला, आणि तिलाच तो आकडा बघून धक्का बसला. "एवढे कोण देणार?" तेवढा वेळ लागणार आहे का, एवढंच मी विचारलं. लागणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, मागे स्टँडवरचा गलका.

"ताई, मी वीस सांगितले. ते पंधरा म्हणाले."

"मग?"

"मी गप्पच बसले. मग ते म्हणाले सतरा. मी हो म्हटलं."

"आणि कमी काय केलंस?"

"दुसरा नमुना काढून टाकला. आणि आतल्या पिशवीचं लेबल वेगळं घ्यायचं म्हटलं."

"आगाऊ किती?"

"निम्मे. उद्या देतो म्हणालेत."

"मग उद्या पैसे आले की फाइल उघड," मी म्हटलं, आणि तिला छापखान्याच्या माणसाचा नंबर पाठवून दिला.